विश्लेषण : सोसायटीच्या गच्चीवरून ताऱ्यांच्या रेषा कशा टिपतात? ‘अढळ’ ध्रुवही फोटोत फिरलेला का दिसतो?

आकाशात एका बिंदूभोवती गोल फिरलेल्या शेकडो चमकत्या रेषा आणि खाली एखादा किल्ला, झाड किंवा तंबू. असे फोटो समाजमाध्यमांवर सतत दिसतात. ते लडाख नाहीतर राजस्थानातलेच असणार, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतील इमारतीच्या गच्चीवरूनही असा फोटो काढता येतो. इथून आकाशगंगेचा फोटो जवळपास अशक्य आहे, ताऱ्यांच्या रेषांचा मात्र शक्य आहे. असे का, त्यासाठी काय लागते आणि अशा फोटोतून आपल्या शहराबद्दल काय कळते, याविषयी…

ताऱ्यांच्या रेषा म्हणजे नेमके काय?

या रेषा ताऱ्यांच्या नव्हे, तर पृथ्वीच्या हालचालीच्या असतात. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश, म्हणजे दर चार मिनिटांना एक अंश सरकल्यासारखे दिसते. पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणजे मृग नक्षत्राच्या पट्ट्यातला तारा दोन मिनिटांत चंद्राच्या रुंदीइतके अंतर कापतो. डोळ्यांना हे जाणवत नाही. कॅमेरा एकाच जागी घट्ट बसवून तासभर फोटो घेतले, तर मात्र प्रत्येक तारा ठिपका न राहता रेष होतो.

हीच गोष्ट उलट बाजूनेही दाखवता येते. लडाखमधील हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेचे प्रभारी अभियंता दोर्जे अंगचुक यांची एक चित्रफीत २०२५ च्या सुरुवातीला सर्वत्र पाहिली गेली. त्यात कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरत राहतो. त्यामुळे तारे जागच्या जागी थांबतात आणि जमीन फिरताना दिसते. ताऱ्यांच्या रेषांच्या फोटोत जमीन स्थिर आणि आकाश फिरते. दोन्हीमागचे कारण एकच.

ध्रुव तारा अढळ नाही का?

जवळपास अढळ आहे, पूर्णपणे नाही. पृथ्वीचा अक्ष उत्तरेकडे जिथे रोखलेला आहे, त्या बिंदूपासून ध्रुव तारा अर्ध्या अंशापेक्षा किंचित जास्त दूर आहे. त्यामुळे तोही एक छोटे वर्तुळ काढतो. त्या वर्तुळाचा व्यास साधारण अडीच चंद्र शेजारी ठेवल्याएवढा होतो. नुसत्या डोळ्यांना तो स्थिरच वाटतो. दोन-तीन तासांच्या फोटोत मात्र त्याच्या जागी लहानसा कंस उमटतो आणि पुराणकथेतले अढळपद किंचित ढळलेले दिसते.

हे अंतरही कायम नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो. २१०० च्या सुमारास ध्रुव तारा या बिंदूच्या सर्वात जवळ असेल, नंतर पुन्हा दूर जाऊ लागेल.

ठाणे-कल्याणमधून हे दृश्य वेगळे कसे?

ध्रुव तारा क्षितिजापासून किती उंच दिसेल, हे त्या गावाच्या अक्षांशावर ठरते. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. म्हणजे इथे ध्रुव उत्तर क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो. हात सरळ पुढे धरून मूठ वळली, तर एक मूठ साधारण दहा अंशांची. उत्तरेला क्षितिजावर दोन मुठी रचल्या की ध्रुवाची जागा मिळते.

यूट्यूबवरचे बहुतेक धडे युरोप-अमेरिकेतले असतात. तिथे ध्रुव ४० ते ५० अंशांवर असतो. ते पाहून इथे कॅमेरा तेवढा वर केला, तर वर्तुळाचा मध्य फोटोबाहेर जातो. इथला ध्रुव समोरच्या इमारतीमागे लपतो किंवा क्षितिजालगतच्या धुरक्यात हरवतो. डोंबिवलीहून उत्तरेकडे पाहिल्यास भिवंडीच्या बाजूचा उजेड नेमका त्याच उंचीवर येतो.

याचा फायदाही आहे. ध्रुव खाली असल्यामुळे इमारतींची रांग, पाण्याची टाकी किंवा नारळाचे झाड आणि वर्तुळाचा मध्य हे सारे मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यातही एकाच चौकटीत मावते.

उत्तर बाजू अडली असेल, तर दुसऱ्या दिशा आहेत. हिवाळ्यात पूर्वेला उगवणाऱ्या मृगाच्या पट्ट्यातील तीन तारे खगोलीय विषुववृत्तालगत आहेत. त्यांच्या रेषा जवळपास सरळ येतात. त्यांच्या डावीकडचे तारे ध्रुवाभोवती वळतात, उजवीकडचे दक्षिणेकडे वळतात. एकाच फोटोत आकाशाचे दोन्ही वळसे दिसतात. फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य तारा सुमारे १८ अंशांवर येतो आणि क्षितिजालगत ठळक, पसरट कमान काढतो. लंडनमधून हा तारा कधीच दिसत नाही.

शहरातल्या उजेडात तारे दिसत नाहीत, मग फोटो कसा येतो?

यामागे साधे गणित आहे. फिल्मच्या काळात कॅमेऱ्याचे शटर तासभर उघडे ठेवत. अंधाऱ्या जागी ते चालते. शहरात मात्र रस्त्यावरचे दिवे, फ्लडलाइट आणि जाहिरात फलकांचा उजेड हवेतल्या धुळीवरून परततो आणि फोटोत साठत जातो. काही मिनिटांत सगळा फोटो पांढरट-नारिंगी होतो.

डिजिटल पद्धतीत एका लांब फोटोऐवजी १५ किंवा ३० सेकंदांचे शेकडो फोटो घेतात. मग सॉफ्टवेअर प्रत्येक ठिकाणच्या पिक्सेलची तुलना करून सर्वांत उजळ पिक्सेल तेवढा ठेवते. समजा, पिक्सेलचा उजळपणा ० ते २५५ असा मोजला. शहराच्या आकाशाची चमक प्रत्येक फोटोत ६० आहे आणि ताऱ्याची २००. सगळे फोटो एकत्र केल्यावरही आकाश ६० च राहते, कारण बेरीज होत नाही, फक्त सर्वांत मोठा आकडा निवडला जातो. तारा मात्र दर फोटोत थोडा पुढे सरकलेला असतो. तो जिथून गेला, तिथे २०० नोंदले जाते. या नोंदींची साखळी म्हणजेच रेष.

आकाशगंगेचा मंद पट्टा शहराच्या चमकेपेक्षा फिका असतो, म्हणून तो असा वाचवता येत नाही. ठळक तारे वाचतात. म्हणूनच गच्चीवरून आकाशगंगा नाही, पण रेषा मिळतात.

मोबाइल पुरेसा आहे का?

‘प्रो’ मोडमध्ये शटर १० ते ३० सेकंद उघडे ठेवता येणारा मोबाइल पुरेसा आहे. काही फोनमध्ये ताऱ्यांसाठी वेगळा मोडही असतो. मोबाइलपेक्षा महत्त्वाचा ट्रायपॉड. तो हलला की सगळी मेहनत वाया जाते.

शहरात आयएसओ कमी ठेवावा. मोबाइलवर १०० ते ४००, कॅमेऱ्यावर ४०० ते ८०० पासून सुरुवात करून एक चाचणी फोटो घ्यावा. आकाश काळपट-करडे आणि तारे स्पष्ट दिसले, तर सेटिंग योग्य. फोकस हाताने दूरवर ठेवावा. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर नको, नाहीतर आकाशाचा रंग दर फोटोगणिक बदलतो. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा, म्हणजे मध्येच फोन येत नाही.

१५ सेकंदांच्या हिशेबाने तासाला २४० फोटो होतात. तासभराच्या कामात १५ अंशांचा कंस मिळतो, तीन तासांत ४५ अंशांचा. फोटो जोडण्यासाठी संगणकावर ‘स्टारस्टॅक्स’सारखे मोफत सॉफ्टवेअर मिळते. फोटोशॉपमध्ये सगळे थर ‘लायटन’वर ठेवले तरी तेच काम होते.

नवख्यांच्या चुका कुठे होतात?

सर्वाधिक चूक दोन फोटोंमधील वेळेत होते. मध्ये पाच-दहा सेकंद गेले, तर रेष तुटक होते. हे अंतर एका सेकंदाच्या आत हवे. कॅमेऱ्यातील ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करावे. ते सुरू असेल, तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ काळा फोटो घेतो आणि निम्मी रेष गायब होते.

दुसरा शत्रू दव. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ असते, पण मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव बसते आणि रेषा हळूहळू पुसट होत जातात. दर अर्ध्या तासाने लेन्स पाहावी, पण कॅमेऱ्याला धक्का न लावता. थंडीत हवा स्थिर असली की धुरकेही खाली साचते. त्यामुळे वारा असलेली रात्र अधिक चांगली.

तिसरी अडचण गच्चीवरचीच. जवळच्या इमारतीचा फ्लडलाइट थेट लेन्सवर येत असेल, तर टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या सावलीत कॅमेरा लावावा. सोसायटीची परवानगी घ्यावी, वॉचमनला सांगून ठेवावे आणि ट्रायपॉड कठड्यावर ठेवू नये.

मुंबईच्या विमानतळाकडे जाणारी विमाने चौकटीत येणारच. लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे त्यांची रेष ठिपक्यांची दिसते. कृत्रिम उपग्रहांची रेष सलग असते आणि संध्याकाळी किंवा पहाटेपूर्वी जास्त दिसते. ते नको असल्यास तेवढे फोटो वगळण्याऐवजी त्या फोटोतील विमान काळ्या रंगाने झाकावे. फोटो वगळला, तर ताऱ्यांच्या रेषेतही खंड पडतो.

फोटो खरा की बनावट, कसे ओळखायचे?

एकाच फोटोतील सगळ्या ताऱ्यांनी समान वेळ प्रवास केलेला असतो. त्यामुळे ध्रुवाजवळचा कंस छोटा आणि लांबचा मोठा असला, तरी दोघांचा कोन सारखाच हवा. एक रेष पाव वर्तुळ आणि दुसरी पूर्ण वर्तुळ असेल, तर फोटोत फेरफार आहे. पूर्ण वर्तुळासाठी २४ तासांचा अंधार लागतो. तो आपल्याकडे मिळत नाही. १२ तासांच्या रात्रीतही अर्धेच वर्तुळ होते. आणखी एक खूण म्हणजे, फोटो ठाण्याचा म्हटला आणि वर्तुळाचा मध्य थेट डोक्यावर दिसला, तर तो ठाण्याचा नाही.

शहराबाहेर कुठे जाता येईल?

बदलापूर आणि नेरळदरम्यानचे वांगणी हे मुंबई-ठाण्यातील आकाशनिरीक्षकांचे जुने ठिकाण. हॅलेच्या धूमकेतूच्या काळात स्थापन झालेले मुंबईतील खगोल मंडळ अनेक वर्षे इथे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेत आले आहे. नवख्यांनी अशा गटाबरोबर जाणे केव्हाही चांगले. कल्याणहून मुरबाडमार्गे सुमारे ८५ किलोमीटरवर माळशेज घाट आहे. तिथले आकाश अधिक काळे आहे. पण घाटरस्त्यावर गाडी थांबवून फोटो काढणे धोक्याचे, मुक्कामाच्या जागेतूनच काढावेत.

ठाणेकरांना येऊर जवळचे वाटते. मात्र तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे आणि रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध आहेत. फोटोसाठी तिथे जाऊ नये.

आकाश खरेच उजळत चालले आहे का?

‘सायन्स’ या नियतकालिकात जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदी तपासण्यात आल्या. त्यानुसार रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. बहुतांश नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेतील होत्या. या वेगाने, जिथे बाळाच्या जन्मावेळी २५० तारे दिसत होते, तिथे ते १८ वर्षांचे होईपर्यंत १०० च उरतील.

हे थांबवता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूरजवळील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. त्यासाठी आसपासच्या गावांमधील दिवे बदलून त्यांचा उजेड फक्त जमिनीकडे वळवण्यात आला. गावे अंधारात गेली नाहीत, वाया जाणारा उजेड तेवढा थांबला. शहरातील सोसायटीलाही हे जमण्यासारखे आहे. आवारातील फ्लडलाइट खाली झुकवणे, दिव्यांना झाकण लावणे आणि मध्यरात्रीनंतर शोभेची रोषणाई बंद करणे, एवढे पुरते.

मग एका फोटोने काय साधते?

ताऱ्यांच्या रेषांचा फोटो ही एक मोजणीही असते. शहराच्या चमकेपेक्षा फिका तारा रेष सोडत नाही. त्यामुळे फोटोत किती रेषा आल्या, यावरून त्या गच्चीवरून किती आकाश शिल्लक आहे ते कळते. ध्रुवाभोवतीचे आकाश वर्षभर दिसते आणि दरवर्षी त्याच तारखेला त्याच वेळी तारे जवळपास त्याच जागी परत येतात. म्हणून एकच गच्ची, एकच दिशा, एकच सेटिंग आणि अमावास्येच्या आसपासची एक स्वच्छ रात्र ठरवून दरवर्षी एक फोटो घेतला, तर पाच-सहा वर्षांत आपल्या परिसराची नोंद तयार होते. बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यातही नव्या इमारती उभ्या राहत असताना तिथली अशी नोंद आजपासून ठेवणे अधिक मोलाचे ठरेल. त्यासाठी लागणार आहे एक मोबाइल, एक ट्रायपॉड आणि गच्चीची किल्ली.