खोक्यावरचा आकडा आणि फोटोतला उजेड

कॅमेरा किंवा फोन घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती मेगापिक्सेल?’ दुकानदारालाही तो सोयीचा, कारण उत्तर खोक्यावरच छापलेलं असतं. हौशी छायाचित्रणातले पुष्कळसे गैरसमज या आकड्यापासून सुरू होतात. उरलेले ‘कॅमेऱ्यानं टिपलं तेच खरं’ या भाबड्या विश्वासातून येतात.

आधी आकड्याचं बघू. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले, तर हा फोटो साधारण १३ बाय १० इंचांचा छापता येतो. घरातल्या भिंतीला तेवढा पुरे. आणि छापतो कोण? बहुतेक फोटो पडद्यावरच पाहिले जातात. फुल एचडी टीव्हीवर जेमतेम २ मेगापिक्सेल मावतात, ४के टीव्हीवर ८ हून थोडे जास्त. शिवाय १२ चे २४ झाले म्हणून तपशील दुप्पट होत नाही. लांबी आणि रुंदी, दोन्हीकडे दुप्पट तपशील हवा तर ठिपके चौपट लागतात, म्हणजे ४८. १९९९ साली आलेल्या निकॉन डी१ मध्ये २.७ मेगापिक्सेल होते आणि वृत्तछायाचित्रकारांनी त्यावर वर्तमानपत्रांची पानं भरली.

मग २०० मेगापिक्सेलचा फोन काय करतो? नेहमीच्या वापरात तो शेजारशेजारचे १६ ठिपके एकत्र करतो आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो हातात ठेवतो. कारण उघड आहे. नखाएवढ्या सेन्सरवर ठिपके जितके जास्त, तितका प्रत्येकाच्या वाट्याला येणारा उजेड कमी. म्हणून प्रश्न विचारायचाच तर सेन्सरच्या आकाराचा विचारावा. ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. ‘एक इंची’ सेन्सर १३.२ बाय ८.८, म्हणजे अवघा ११६. (हा ‘एक इंची’ कुठूनही मोजा, इंच भरत नाही, त्याचा कर्ण सुमारे १६ मिलिमीटर आहे. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या मापावरून पडलेलं नाव तेवढं उरलंय.) बहुतेक फोनांतले सेन्सर त्याहूनही लहान असतात. दिवसाउजेडी फोनचं सॉफ्टवेअर ही उणीव झाकतं. लग्नाच्या मांडवात, रात्रीच्या मिरवणुकीत, घरात धावणाऱ्या मुलाच्या फोटोत ती उघडी पडते.

यापेक्षा महत्त्वाचा गैरसमज म्हणजे, चांगला कॅमेरा असला की उजेडाचं तोच बघून घेतो. तो बघत नाही, अंदाज बांधतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक असं गृहीत धरून चालतो, की समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारं. सगळ्या उत्तरपत्रिकांना पन्नासच्या आसपास मार्क देणाऱ्या परीक्षकासारखा त्याचा कारभार: हुशार मुलाला खाली ओढायचं, ढ मुलाला वर ढकलायचं.

आषाढीच्या वारीत हे नेमकं दिसतं. चौकटभर पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, पांढरे फेटे. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो सगळं दृश्य अंधारं करतो. धोतरं मळकट करडी येतात आणि फेट्याखालचा रापलेला चेहरा काळाठिक्कर. वेरूळच्या कैलास लेण्यात बरोबर उलटं होतं. चहूबाजूंनी काळा बसाल्ट. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो. कातळ राखाडी होतो, कोरीव काम सपाट दिसतं आणि वर दिसणारं आभाळ पांढरं फटफटीत पडतं. दोन्ही ठिकाणी फोटो काढणारा म्हणतो, ‘कॅमेरा साधाच आहे हो, त्यामुळे.’ लाखाचा कॅमेराही याच रीतीनं चुकतो. अलीकडचे फोन आणि कॅमेरे चेहरा, आभाळ ओळखून अंदाज सुधारतात, पण चौकट एकाच रंगानं भरली की गडबड होतेच.

उपाय फुकट आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं एक बटण किंवा चकती असते, तिला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. पांढऱ्यासाठी अधिक एक, काळ्यासाठी उणे एक, इतकं लक्षात ठेवून सुरुवात करा. मग फोटो बघून कमी-जास्त करा. पांढरं पांढरं दिसावं म्हणून उजेड वाढवायचा, हे आधी उफराटं वाटतं, पण तसंच आहे. बहुतेक फोनांवर चेहऱ्याला बोट टेकवलं की शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी दिसते, ती वरखाली सरकवायची. माझ्या मते छंदाच्या पहिल्या वर्षात एकच गोष्ट शिकायची असेल, तर ही. नवी लेन्स हिच्यानंतर.

याला लागूनच एक ऐट येते: ‘खरा फोटोग्राफर मॅन्युअल मोडवरच काढतो.’ नवशिके मॅन्युअलवर चकती फिरवतात, व्ह्यूफाइंडरमधला काटा शून्यावर येईपर्यंत आकडे बदलतात आणि मग बटण दाबतात. तो काटा त्याच प्रकाशमापकाचा असतो. म्हणजे ऑटोवर कॅमेऱ्यानं क्षणात केलं असतं, तेच यांनी हातानं, सावकाश केलं. तेवढ्यात पक्षी उडाला. फटाके, रात्रीचं आभाळ, रंगमंचावरचा ठरावीक उजेड, स्टुडिओतला फ्लॅश इथं मॅन्युअलला पर्याय नाही. एरवी अॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्राचं माप आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) काम करणारे व्यावसायिक कितीतरी आहेत.

आता ‘आयएसओ वाढवला की फोटो बिघडतो’ हे वाक्य. आयएसओ वाढवल्यानं सेन्सरवर उजेड जास्त पडत नाही. जो पडला त्याचा संकेत मोठा करून दाखवला जातो. दाणेदारपणा मुख्यतः मुळात उजेड कमी असल्यामुळे येतो. आयएसओ मुद्दाम खाली ठेवून शटर मंद केलं, तर दाणे कमी होतील, पण हात हललेला असेल. दाणे सॉफ्टवेअरनं बऱ्यापैकी काढता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही. अजिंठ्याच्या चित्रांजवळ फ्लॅशला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. तिथं आयएसओ ३२०० वर नेऊन, श्वास रोखून काढलेला दाणेदार फोटो हा ४०० वर काढलेल्या भुतासारख्या अस्पष्ट फोटोपेक्षा केव्हाही बरा. बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या भित्तिचित्रांचे जे गाजलेले फोटो काढले, तेही लेण्यांतल्या मंद उजेडात, फ्लॅशच्या झगझगाटाशिवाय.

फ्लॅशबद्दल तर दुहेरी गैरसमज आहे. अंधार झाला की लावायचा, ऊन असलं की गरज नाही. प्रत्यक्षात अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशची ताकद गाइड नंबर १२ धरली, तर आयएसओ १०० आणि एफ ४ वर तो बारा भागिले चार, म्हणजे तीन मीटरपर्यंत पोचतो. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून हजारो लोक फ्लॅश उडवतात, तेव्हा उजळतं ते पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं. उलट भर दुपारी, टोपीच्या किंवा भुवयांच्या सावलीत डोळे हरवलेले असताना हाच फ्लॅश फार कामाचा.

भर दुपारचं म्हणाल, तर आपल्याकडचा सूर्य पुस्तकातल्या सूर्यासारखा वागत नाही. परदेशी लेखकांची पुस्तकं आणि व्हिडिओ ‘गोल्डन अवर’ सांगतात, सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा सोनेरी तास. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. इथं सूर्य क्षितिजावरून जवळजवळ सरळ वर चढतो. मार्च-सप्टेंबरच्या सुमारास क्षितिजापासून सहा अंश वर यायला, म्हणजे सोनेरी उजेड सरायला, त्याला सुमारे पंचवीस मिनिटं लागतात. लंडनमध्ये हाच प्रवास चाळीस मिनिटांच्या आसपास चालतो, तोही तिरका. तेव्हा तासभर उजेड मिळेल या हिशेबानं गडावर पोचलात, तर ट्रायपॉड उघडेपर्यंत ऊन पांढरं झालेलं असेल. अंधारातच जागा धरून बसावं लागतं. आणि महाराष्ट्रात सगळीकडे सूर्य वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये, बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीच्या या दिवसांच्या आगेमागे दुपारी माणसांचे फोटो काढू नयेत. काढलेच तर झाडाखाली किंवा व्हरांड्यात.

‘आभाळ भरलंय, आज फोटो नकोत’ हे मात्र डोक्यातून काढून टाका. ढगाळ उजेड मऊ असतो. सावल्या बोचत नाहीत, रंग भरून येतात. कास पठारावरची फुलं बहरतात ती ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे बहुधा ढगांखालीच, आणि ती तशीच उत्तम दिसतात. तिथं एक फिल्टर खरोखर उपयोगी पडतो: पोलरायझर. ओल्या पानांवरची चकाकी तो कमी करतो, आणि दडलेला रंग नंतर सॉफ्टवेअरमध्ये तसा परत आणता येत नाही. दुकानदार आग्रहानं गळ्यात मारतो तो यूव्ही फिल्टर ही फिल्मच्या काळातली गरज. डिजिटल सेन्सरसमोर अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते. लेन्सला ओरखडे पडू नयेत म्हणून लावायचा तर लावा. आणि फुलात शिरून फुलं तुडवल्याशिवाय जवळचा फोटो येत नाही, हाही गैरसमजच. पायवाटेवर उभं राहून झूम करा.

झूमवरून आठवलं. ‘वाइड लेन्सनं चेहरा बिघडतो, म्हणून पोर्ट्रेटची लेन्स घ्यायला हवी’ असं म्हणतात. सेल्फीत नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे नव्हे, हातभर अंतरामुळे. नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या बरंच जवळ असतं. दीड-दोन मीटर मागे सरका, नाक जागेवर येईल.

‘आम्ही एडिट करत नाही, आमचा फोटो अस्सल’ असं अभिमानानं सांगणारे भेटतात. त्यांनी सेन्सरची रचना बघावी. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमधली रंगजाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो: निम्मे ठिपके हिरवा, पाव लाल, पाव निळा. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबानं काढले जातात. म्हणजे फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती मोजलेली नसतेच. मग कॅमेरा चमक, गडदपणा, धार ठरवून जेपेग तयार करतो. एडिटिंग झालेलंच असतं, फक्त ते जपानमधल्या अभियंत्यानं ठरवलेलं असतं. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरची मोजणी तशीच साठवलेल्या फाइलमध्ये, उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असू शकतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६. सुधारणेला वाव कुठं जास्त, ते यावरून कळतं.

डार्करूमच्या काळातही हे चालेच. गुस्ताव ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आभाळ दुसऱ्या निगेटिव्हवरून छापलं. अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ मधल्या आपल्या प्रसिद्ध चंद्रोदयाच्या फोटोचं आभाळ पुढच्या काही दशकांत अधिकाधिक काळं करत नेलं. उजेड-रंग सावरणं हा कलेचा भाग आहे. बातमीच्या फोटोत माणूस घालणं-काढणं ही फसवणूक आहे. आत्याच्या फोटोतली विजेची तार पुसलीत, तर कोणाचं काही बिघडत नाही.

आता पावसाळा, कारण आपल्याकडे कॅमेरे वापरून कमी आणि कपाटात पडून जास्त मरतात. ‘जपून ठेवलाय’ म्हणजे चामड्याच्या पिशवीत, बंद कपाटात, गरम कपड्यांशेजारी. बुरशीला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या बरीच वर राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरू लागतात; कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर आर्द्रता ८० च्या आसपास असते. चामडं ओल धरून ठेवतं. डांबरगोळ्या आणि कापूर यांच्याजवळ कॅमेरा ठेवू नका, असं कंपन्यांच्या माहितीपुस्तकांतही लिहिलेलं असतं. तांदळाच्या डब्याचा घरगुती उपायही टाळा. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची पूड फटीत जाते. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं बस. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. फार कोरडं केलं तर लेन्समधलं वंगण आणि रबर खराब होतं. सिलिका जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. एसी खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर गार काचेवर दव धरतं. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरणं.

राहता राहिला प्रश्न काढलेल्या फोटोंचा. जेपेग फाइल उघडून बघितल्यानं किंवा तिची प्रत केल्यानं दर्जा घसरत नाही. बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केल्यानं घसरतो. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून मूळ फोटो द्यायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कार्डावरून चुकून पुसलेले फोटो बहुधा लगेच नष्ट होत नाहीत, त्यांची फक्त नोंद जाते. त्या कार्डावर पुढचा फोटो न काढता रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं तर पुष्कळदा ते परत मिळतात. ‘गूगलवर आहेत की सगळे’ या भरवशावर राहू नका. तिथली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. १५ जीबी भरले की नवे फोटो वर जाणं थांबतं आणि ती सूचना आपण वाचत नाही. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणा, मूळ फोटोंची प्रत तिच्यावर करा, आणि ती डिस्क कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका.