लाकूड आणि लादी : सांध्यात मोकळीक हवीच

श्रावणात घराचे लाकडी दार चौकटीत अडकू लागते. खांदा लावून ते ढकलावे लागते, सुताराला बोलावून रंधा मारून घेण्याचा विचार मनात येतो. आणि दिवाळी उलटून हवा कोरडी झाली की तेच दार पुन्हा सहज लागू लागते. लाकडाचा हा स्वभाव मराठी घरांना पिढ्यानपिढ्या परिचित आहे. घरात लाकडी फरशी बसवताना मात्र त्याचा हमखास विसर पडतो.

मुंबई-पुण्यातील सदनिकांमध्ये दिवाणखान्यात व्हिट्रिफाइड टाइल्स किंवा संगमरवर आणि शयनगृहात लाकडी फरशी, ही रचना आता सर्रास आढळते. या दोन फरश्या दाराच्या चौकटीखाली किंवा थेट दिवाणखान्याच्या मध्यावर एकमेकींना भेटतात. 'मधे फट दिसता कामा नये' अशी घरमालकाची अपेक्षा असते आणि मिस्त्रीही लाकूड लादीला घट्ट भिडवून, उरलेल्या फटीत पांढरे सिमेंट भरून मोकळा होतो. काम मे महिन्यात झालेले असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा परिणाम दिसतो. सांध्याजवळच्या फळ्या कमानीसारख्या उचलल्या जातात, पाय पडताच पोकळ आवाज येतो, सिमेंट भुगा होऊन निघते, प्रसंगी लादीचा काठही उडतो. मग लादीवाला लाकडाच्या कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, लाकडाचा कंत्राटदार लादीवाल्याकडे. दुरुस्तीचा भुर्दंड अर्थातच घरमालकाला.

वास्तविक या वादात बऱ्याचदा माल खराब नसतो आणि कारागिरीही वाईट नसते. नसते ती फक्त जागा. लाकूड आणि दगड यांच्यामध्ये ठेवलेली फट म्हणजे अर्धवट राहिलेले काम नव्हे. ते मुद्दाम, मोजून करायचे काम आहे.

लाकूड का हलते?

लाकूड हवेतील बाष्प शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की ते परत सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असताना लाकडातील ओलावा साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्के राहिली तर तो १६ टक्क्यांकडे सरकतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा किती कोरडी असते आणि ऑगस्टमध्ये किती दमट, हे वेगळे सांगायला नको. मुंबईत समुद्रामुळे ऋतूंमधील ही तफावत तुलनेने कमी असली, तरी वातानुकूलन यंत्र चालणारी बंद खोली आणि पावसाळ्यात खिडक्या उघड्या असलेली खोली यांत मोठा फरक पडतो. 'आयएस २८७' हे इमारती लाकडातील ओलाव्याविषयीचे भारतीय मानकही देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग करते, ते याच कारणासाठी.

हे फुगणे-आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. धाग्यांच्या लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही. ते हलते रुंदीत. अमेरिकेच्या वन उत्पादन प्रयोगशाळेच्या 'वुड हँडबुक'मधील गुणांकांनुसार हिशेब केला, तर १२५ मिलिमीटर रुंदीची रेड ओकची सपाट चिरलेली फळी ओलावा ४ टक्क्यांनी वाढल्यावर सुमारे १.८ मिलिमीटर रुंदावते. सागवान त्या मानाने शांत. तीच फळी सागाची असेल तर वाढ सुमारे ०.९ मिलिमीटर. आकडा किरकोळ वाटतो. परंतु ३ मीटर रुंदीच्या खोलीत अशा २४ फळ्या शेजारी शेजारी बसतात. म्हणजे कागदावर ओकची एकूण वाढ ४४ मिलिमीटरच्या घरात आणि सागाची २२ मिलिमीटर. प्रत्यक्षात खिळे, गोंद आणि फळ्यांचा परस्परांवरील दाब यामुळे त्यातील बराच भाग जागीच जिरतो. पण सगळा नाही. उरलेली वाढ काठाकडे धाव घेते.

आता लादीकडे पाहू. व्हिट्रिफाइड लादी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे पावसाळ्याचा तिच्यावर नगण्य परिणाम होतो. तापमान १५ अंशांनी वाढले तरी ३ मीटर लांबीची लादीकामाची पट्टी जेमतेम ०.३ मिलिमीटर वाढते. शिवाय ती खालच्या थराला चिकटलेली असते. थोडक्यात, एका बाजूला ऋतूनुसार सरकणारा पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला जागचा न हलणारा. दोघांच्या मधे पांढऱ्या सिमेंटसारखा ठिसूळ पदार्थ भरला, की तुटणे अटळ ठरते. टाइल कौन्सिल ऑफ नॉर्थ अमेरिका या संस्थेच्या मार्गदर्शिकेतही लादीकाम जिथे वेगळ्या पदार्थाच्या फरशीला भिडते तिथे लवचिक सांधा ठेवावा, असे सांगितलेले आहे.

फरशी कोणती, त्यावर सांधा

'लाकडी फरशी' या एका नावाखाली बाजारात तीन वेगवेगळ्या रचना विकल्या जातात आणि प्रत्येकीचा सांधा वेगळा असतो.

पहिली, तरंगती फरशी. लॅमिनेट आणि खटक्याने एकमेकांत अडकणाऱ्या इंजिनिअर्ड लाकडाच्या फळ्या या प्रकारात मोडतात. ही फरशी २-३ मिलिमीटर जाडीच्या फोमवर नुसती अंथरलेली असते. खाली चिकटवलेली नसते. संपूर्ण खोलीची फरशी एक चटई असल्याप्रमाणे सरकते. म्हणून भिंतींच्या कडेने आणि लादीच्या बाजूनेही साधारण ८ ते १२ मिलिमीटर जागा सोडावी लागते. भिंतीकडील फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. लादीकडील फट झाकण्यासाठी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची पट्टी वापरतात. या पट्टीचा पाय फटीत उतरतो आणि खालच्या कोब्यालाच पक्का केला जातो. तिचे दोन्ही पंख दोन्ही फरश्यांवर नुसते टेकतात. पट्टी 'हलू नये' म्हणून लाकडात स्क्रू मारला किंवा पंखाखाली गोंद लावला, की सारा खटाटोप वाया जातो. ८-१० मीटरपेक्षा लांब दिवाणखान्यात आणि दोन खोल्यांमधील दारातही अशी पट्टी देऊन फरशीचे तुकडे पाडणे आवश्यक ठरते.

दुसरी, खाली संपूर्ण चिकटवलेली इंजिनिअर्ड फरशी. हिच्या फळीत लाकडाचे थर एकमेकांना आडवे-उभे बसवलेले असतात, त्यामुळे अखंड लाकडाच्या तुलनेत ती बरीच कमी हलते. गोंदामुळे हालचाल फळीफळीत विभागली जाते. उंच पट्टी नको असणाऱ्यांना, दोन्ही फरश्या एकाच पातळीत ठेवून मधे कॉर्कची पट्टी किंवा लवचिक सीलंट भरण्याची मुभा खऱ्या अर्थाने इथे मिळते.

तिसरी, अखंड लाकडाच्या फळ्या प्लायवूडवर किंवा आडव्या पट्ट्यांवर ठोकून केलेली फरशी. हिची हालचाल सर्वांत जास्त, म्हणून काठाला १२ ते २० मिलिमीटर फट ठेवण्याची पद्धत आहे. लादीच्या बाजूला त्याच लाकडाची, खालून खाच पाडलेली पट्टी बसवून ती झाकता येते. ही पट्टी एकाच बाजूला पक्की करायची; दुसऱ्या बाजूला लाकूड तिच्याखाली मोकळेपणाने सरकले पाहिजे.

फळ्यांची दिशाही इथे निर्णायक ठरते. ठोकलेल्या किंवा चिकटवलेल्या फरशीत फळ्यांची टोके लादीला भेटत असतील, तर सांध्यावर ताण फारच कमी येतो, कारण लांबीत लाकूड हलत नाही. फळ्यांची लांब बाजू लादीला समांतर असेल, तर मात्र साऱ्या फळ्यांची साचलेली वाढ त्या एका सांध्यावर येऊन आदळते. लॅमिनेटला ही सवलत लागू नाही. त्याचा गाभा लाकडाचा भुसा दाबून केलेला असल्याने तो लांबी-रुंदीत दोन्हीकडे फुगतो.

सीलंट भरण्याचे गणित

फट दिसू नये म्हणून ती अगदी बारीक ठेवावी आणि सिलिकॉनने भरावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो फसवा आहे. चांगला लवचिक सीलंट सामान्यतः सांध्याच्या रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंत ताणला किंवा दाबला जाऊ शकतो. फट ४ मिलिमीटरची असेल तर ती अवघी १ मिलिमीटर हालचाल सोसेल. १२ मिलिमीटरची असेल तर ३ मिलिमीटर. फट जितकी अरुंद, तितकी ती लवकर फाटणार.

दुसरे पथ्य खोलीचे. सीलंट फक्त दोन बाजूंना, म्हणजे लाकडाला आणि लादीला, चिकटला पाहिजे. तो तळालाही चिकटला तर त्याला मोकळेपणाने ताणता येत नाही आणि तो फाटतो. म्हणून आधी फटीत फोमची गोल दोरी दाबून बसवतात आणि तिच्यावर, रुंदीच्या साधारण निम्म्या जाडीचा थर देतात. घरात लादीची बाजू पाण्याने पुसली किंवा धुतली जात असेल, स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर लगत असेल, तर कॉर्कपेक्षा सीलंटचा सांधा श्रेयस्कर. कारण लाकडाच्या उघड्या टोकांतून पाणी सर्वांत वेगाने आत शिरते.

पातळी आधी ठरवा

सांध्याचे यश बसवणीच्या दिवशी ठरत नाही, ते कोबा घालतानाच ठरलेले असते. १० मिलिमीटरची लादी आणि तिच्याखालील ४-५ मिलिमीटर चिकट थर मिळून सुमारे १५ मिलिमीटर उंची होते. २ मिलिमीटर फोम आणि १२ मिलिमीटरची फळी मिळून १४. असा मेळ असेल तर दोन्ही फरश्या जवळपास एका पातळीत येतात. मात्र वाळू-सिमेंटच्या जाड थरावर बसवलेला १८ मिलिमीटरचा संगमरवर असेल, तर लाकडाखालचा कोबा त्या हिशेबाने उचलून घ्यावा लागतो. जुन्या लादीवरच लाकूड अंथरले, तर ते बाहेरच्या मार्गिकेपेक्षा सेंटिमीटरभर वर येते. तिथे उतरती पट्टी लावणे हाच मार्ग. दारातील एवढीशी उंच कड तरुणांच्या लक्षातही येत नाही. पाय घासत चालणाऱ्या आजी-आजोबांना रात्री ठेच लागून पडण्यास ती पुरेशी असते.

लादीचा काठही उघडा सोडू नये. कापलेला काठ धारदार आणि कमकुवत असतो. पितळ, स्टील किंवा अॅल्युमिनियमची पातळ काटकोनी पट्टी लादी बसवतानाच तिच्याखाली दिली, तर काठ सुरक्षित राहतो आणि फटही सरळ रेषेत दिसते.

मुहूर्त कोणता?

दिवाळीपूर्वी घर सजवण्याच्या घाईत अनेकजण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लाकडी फरशी बसवतात. त्या वेळी लाकूड फुगलेले असते; एप्रिलपर्यंत ते आकसते आणि फळ्यांत व सांध्यांत भेगा दिसू लागतात. भर उन्हाळ्यात बसवलेली फरशी नेमकी उलटी वागते. पाऊस संपून हवा स्थिरावल्यावरचे महिने त्यातल्या त्यात सोयीचे. काम कधीही करा, फळ्या खोलीत आणून काही दिवस तिथल्या हवेत मुरू द्याव्यात. नवा कोबा वाळण्यास इंचामागे महिना, हा ढोबळ हिशेब. पावसाळ्यात त्याहूनही अधिक. कोब्यावर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. काढल्यावर खाली दव किंवा काळसर ओल दिसली, तर लाकडाने थांबावे.

फरशी आधीच उचलली गेली असेल तर लगेच फळ्या फेकून देण्याची गरज नाही. प्रथम कुठे पाण्याची गळती नाही ना, हे पाहावे. मग सांध्यातील सिमेंट काळजीपूर्वक काढून, स्कर्टिंग उचलून भिंतीकडे फट आहे की नाही ते तपासावे. दाब मोकळा झाला आणि लाकूड सुकले की फळ्या पुष्कळदा पुन्हा बसतात. सांधा नव्याने भरण्याचे काम त्यानंतरच करावे.

कंत्राट देण्यापूर्वी घरमालकाने चार प्रश्न विचारावेत : फट किती मिलिमीटर ठेवणार? ती कशाने झाकणार किंवा भरणार? पट्टी कशाला पक्की करणार? आणि या सांध्याची जबाबदारी कोणाची, लादीवाल्याची की लाकूडवाल्याची? उत्तरे अंदाजपत्रकात लिहून घ्यावीत. हा सांधा दोन कारागिरांच्या कामाच्या सीमेवर असतो आणि सीमेवरच्या जागेला धनी नसला, की पहिल्या पावसातच ते उघड होते.