आईचे गाव आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज

"दर रविवारी कशाला येतोस? पेट्रोल काय विहिरीतून शेंदतात?" आईने हे तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी विषय बदलला. भाटघर धरणाच्या खालच्या अंगाला आमचे जुने घर आहे. आई तिथे एकटी राहते आणि पुण्याला यायला काही केल्या तयार नाही. सहकारनगरहून जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. गाडी लहान, पेट्रोलची, बारा वर्षांची. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि पेट्रोलचा भाव तर शंभरीच्या पुढे. ही खेप पंधरा दिवसांवर न्यावी का, असे माझ्याही मनात येऊन गेले होते. आईने ते ओळखले, याचेच वाईट वाटले.

मग हिशेबाला बसलो. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरली, किलोमीटर टिपून ठेवले, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरली. भागाकार आला ११. 'माझी गाडी सोळा देते' असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो! आपल्याकडे गाडीचे अ‍ॅव्हरेज आणि मुलाचा पगार, दोन्ही आकडे सांगताना थोडे फुगतातच.

दोष कात्रजच्या घाटाचा असेल असे मी धरून चाललो होतो. तो निघाला चाकात. कापूरहोळला महामार्ग सोडून भोरच्या रस्त्याला लागल्यावर एक मेस्त्री बसतो. त्याने बॉनेट उघडलेच नाही. मागचे डावे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले. ते अर्ध्या फेरीत थांबले. "काका, ब्रेक लावून गाडी चालवताय." ड्रम हाताला चटका देत होता. आतल्या सिलिंडरला गंज धरून ब्रेक पुरता सुटतच नव्हता. पुण्यात सर्व्हिसिंगचे बिल दरवेळी झाले, चाक मात्र कुणी फिरवून पाहिले नव्हते. टायरमध्ये हवा ३० हवी तिथे २२. दबलेला टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, तापतो, आणि ती उष्णता शेवटी पेट्रोलमधूनच येते. एअर फिल्टरही बदलला, पण त्याला फार श्रेय देणार नाही. कार्ब्युरेटरच्या काळात कोंदलेला फिल्टर पेट्रोल खायचा. इंजेक्शनची गाडी हवा मोजूनच पेट्रोल सोडते, त्यामुळे तिचा जोर कमी होतो, अ‍ॅव्हरेजला फारसा धक्का बसत नाही.

उरलेला दोष ड्रायव्हरच्या सीटवर होता. वडिलांनी शिकवले होते, कात्रजचा जुना बोगदा ओलांडला की शिंदेवाडीपर्यंत गाडी न्यूट्रल! त्या काळी त्यात चार थेंब वाचतही असतील. आजच्या गाडीत हिशेब उलटा आहे. गिअर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की उतारावर चाकेच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते जातच राहते, शिवाय इंजिनाचा अटकाव गेल्याने सगळा भार ब्रेकवर. काही बहाद्दर तर चावीच फिरवतात. मग ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि स्टिअरिंग दगडासारखे जड होते. पेट्रोल वाचवण्याचा याहून महाग प्रकार मला ठाऊक नाही.

महामार्गावर मी शंभरने जात असे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ऐंशीच्या मानाने शंभरला तो दीडपटीहून अधिक. आणि वाचते किती? वीस किलोमीटरच्या टप्प्यात तीन मिनिटे. ती खेड-शिवापूरच्या नाक्यावर रांग लागली की तिथेच जातात. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना १९७८ पासून सांगत आली आहे की सावकाश चालवा, थांबलात तर इंजिन बंद करा. आम्ही त्या पाट्या पंपावर सुट्ट्या पैशांची वाट पाहताना वाचत आलो.

एक गोष्ट आपल्या हाती नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि त्यात लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा, तेव्हा अ‍ॅव्हरेज थोडे उतरणारच. गंमत अशी, की भाटघरचे पाणी नीरेत उतरून डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या उसाला जाते, आणि इथेनॉल उसापासूनही होते. म्हणजे आईच्या दारावरून गेलेल्या पाण्याचा अंश माझ्या टाकीत परत येत असेलही.

तीन टाक्यांनंतर आकडा १५ वर स्थिरावला. दर खेपेला अडीच लिटर कमी, म्हणजे अडीचशे रुपये. आईला सगळे सविस्तर सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पेट्रोलचा विषय त्यानंतर काढला नाही. निघताना इंद्रायणी तांदळाचे वीस किलोचे पोते मात्र डिकीत ठेवायला लावले. डिकीत फुकटचे ओझे वागवू नये, हे तिला सांगायचे राहूनच गेले.