उचल घेऊन समुद्रापार

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे हनिमूनचं पॅकेज आठवतं. निळं पाणी, पांढरी वाळू, वर ऊन. हे सगळं तिथं आहेच. पण निलंग्याकडच्या माणसाने तिथं जाऊन आधी पाहावा तो किनारा नव्हे, राजधानी पोर्ट लुईचा धक्का. आणि धक्क्यावरही चकचकीत कॉदाँ बाजार सोडून, त्रू फाँफारों या जुन्या खाडीच्या कडेला दगडी भिंतींमध्ये उरलेला आप्रवासी घाट.

शहर फ्रेंचांनी वसवलं. माहे द ला बूरदोने हा गव्हर्नर 1735 मध्ये आला आणि त्याने इथं बंदर आणि राजधानी उभी केली. मागे मोका डोंगरांची रांग असल्याने वारा-पाऊस अडतो आणि बेटावरच्या इतर भागांपेक्षा इथं ऊन जास्त तापतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, युरोपातले पाहुणे मात्र सावली शोधत फिरतात. 1810 मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेलं. बाजारपेठेत गाडीवर दालपुरी मिळते. पुरणपोळीची खारी बहीण म्हणावी अशी, डाळ भरलेली, दोन-दोन पोळ्या एकत्र गुंडाळून देतात. खाऊन घ्या आणि घाटाकडे निघा.

घाट म्हणजे खरं तर एक डेपो. 1 फेब्रुवारी 1835 ला बेटावर गुलामगिरी संपली आणि ऊस तोडायला माणसं कुठून आणायची, हा मळेवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला. त्याचं उत्तर त्यांनी आधीच हिंदुस्थानात शोधून ठेवलं होतं. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर उतरले. करार 5 वर्षांचा, पगार महिना 5 रुपये, काही महिन्यांचा पगार निघतानाच आगाऊ. पुढे माणसं इतकी येऊ लागली की 1849 मध्ये त्यांच्यासाठी हा डेपो बांधावा लागला. 1920 पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास मजूर या बेटावर उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून, काही मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडची मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आजही कास्कावेल, वाकोआ या भागांत राहतात. गणेशोत्सवात कोकणातली जाखडी तिथं ‘झाकरी’ या नावाने नाचतात, आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

आता जे उरलंय ते फार थोडं. 20व्या शतकात रस्ता काढताना डेपोचा मोठा भाग गेला. तरी फाटकावरच्या पहारेकऱ्याची खोली, इस्पितळाचे अवशेष, स्वयंपाकघर, मजुरांच्या पडवीचा पाया आणि मोरी-संडासाच्या दगडी चौकटी दिसतात. आणि त्या पायऱ्या. दोन भिंतींच्या बेचक्यातून चढणाऱ्या, अरुंद, काळ्या दगडाच्या. बोटीतून उतरलेला माणूस पहिलं पाऊल इथं टाकायचा. दर 2 नोव्हेंबरला या पायऱ्यांवर फुलं वाहतात, तो दिवस तिथं राष्ट्रीय सुट्टीचा आहे. दगडाला हात लावून पाहिला तर आपल्या निलंग्याच्या नीळकंठेश्वराच्या देवळाचाच वाटतो. ते काही उगाच नाही. दख्खनचं पठार घडवणारा लाव्हा आणि मॉरिशस बेट उभारणारा लाव्हा हे भूशास्त्रज्ञांच्या मते पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तप्त ठिकाणाहून आले, रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात ते. मध्ये सहा कोटींच्या आसपास वर्षांचं अंतर.

पण खरी ओळख पटते ती दगडापेक्षा कराराच्या कलमांत. आगाऊ पगार म्हणजे आपल्याकडची उचल. टोळीवर नेमलेला ‘सिरदार’ म्हणजे आपला मुकादम. तिथं ‘डबल कट’ नावाचा नियम होता: एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी पडला तरीही. अहमदपूर, जळकोट, मुखेड, कंधारच्या ऊसतोड्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. एक खाडा पडला की मुकादम दंड लावतो, आणि नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला असेल तर एकाच्या तापाने दोघांची उचल फिटायची लांबते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी परक्या सरकारने कायदा करून जे केलं, ते आपण कायदा न करताच चालवतो. मला हे कबूल करायला लाज वाटते, पण तसं आहे.

फरक एकाच बाबतीत, आणि तोही त्यांच्या बाजूने. ते लिहून ठेवत. डेपोत माणूस साधारण दोन दिवस राही. त्यात त्याला नंबर मिळे आणि नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव हे सगळं रजिस्टरात चढे. 1860 च्या दशकापासून फोटोही काढू लागले. हे सारं मजुराच्या भल्यासाठी नव्हतं, पळून गेलेला माणूस धरता यावा म्हणून होतं. या जाचाविरुद्ध 1871 मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने अर्ज लिहिला, त्यावर 9,401 जणांच्या सह्या-अंगठे पडले आणि रॉयल कमिशन नेमावं लागलं.

जुलमासाठी केलेल्या त्या वह्यांचं पुढे काय झालं पाहा. त्या आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मॉरिशसचा माणूस तिथं जाऊन आपल्या पणजोबाच्या बापाचा नंबर, जहाज, गाव शोधून काढतो. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथं गेल्या तेव्हा भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड देण्याचं जाहीर झालं. इतक्या मागचं नातं सांगता येतं ते अशा कागदांमुळेच.

जागेचं नाव पूर्वी ‘कुली घाट’ होतं, 1987 मध्ये ते बदललं. 2006 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. शेजारच्या संग्रहालयाला बिक्रमसिंग रामलाला या पत्रकाराचं नाव आहे. जागा वाचवण्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले. संग्रहालय सावकाश पाहा. किनाऱ्यासाठी मग दिवस पुरतो.

आपल्याकडच्या मुकादमाच्या वहीत उचलीचा आकडा असतो, माणसाचं गाव-वय-आजार नसतं, आणि हंगाम संपला की वहीही राहत नाही. आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, आणि ग्रामसेवकाने नोंद करून कामगाराला ओळखपत्र द्यायचं, असा शासनाचा आदेशही आहे. दसरा-दिवाळीनंतर तुमच्या गल्लीतून टोळीचा ट्रक निघेल. त्याआधी ग्रामपंचायतीत जा आणि त्या रजिस्टरात कुणाकुणाची नावं चढलीत ते विचारा. बायकांची वेगळी चढलीत का, तेही विचारा.