आपलं लिखाण कुठं मांडायचं?

हल्ली बचत गटांच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. बाया लिहायला लागल्यात. कुणी शेंगाचटणीच्या धंद्याबद्दल लिहितं, कुणी विड्या वळण्याबद्दल. हे सगळ्यांचं मिळून मांडायचं कुठं?

बहुतेकींचं उत्तर व्हॉट्सॲप. फुकट आहे, हातात आहे. पण तिथं सकाळच्या फुलांच्या फोटोंखाली कालचं लिखाण गाडलं जातं. आणि कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं हे एकीच्याच हाती राहतं. आपली बचतीची पेटी आठवा. पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे. बँकेतही एकटीच्या सहीनं पैसे निघत नाहीत. इथंही तसंच. पासवर्ड दोघींकडे हवा, नंबर गटाचा हवा, कुणाच्या मालकाचा नको! मूळ प्रत मात्र वहीत ठेवा, म्हणजे जागा बदलली तरी लिखाण आपल्याकडे राहतं.

जागा बदलावी लागतेच. उत्तर प्रदेशात चित्रकूटला बायकांनी २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र सुरू केलं, तेही बुंदेली बोलीत. पुढं छापील अंक थांबवून त्या मोबाइलवर व्हिडिओतून बातम्या देऊ लागल्या.

आपल्या सोलापुरात आणखी एक पेच आहे. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. मराठी फाडफाड बोलणारी बाई लिहिताना अडते. तिच्यासाठी रेडिओ बरा. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ २००८ पासून चालू आहे. मात्र सामुदायिक रेडिओचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच जातो आणि त्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच ऐकवाव्या लागतात.

सगळ्यांत नाजूक गोष्ट नावाची. विड्या नापास म्हणून मजुरी कापली, असं एखादीनं लिहिलं आणि ते मोबाइलवर गेलं, की संध्याकाळपर्यंत ठेकेदाराच्या हातात. दुसऱ्या दिवशी तिला पानं-तंबाखू मिळेल का? म्हणून आधी बैठकीत मोठ्यानं वाचायचं. मग तिलाच विचारायचं: नाव घालू का, गल्ली सांगू का, का नुसतं ‘एक विडी कामगार’ म्हणू? घरच्यांसमोर विचारू नका, तिथं ती ‘हो’च म्हणेल. ‘नको’ म्हणाली तर ते पान वहीतच राहू द्या. महिन्या-दोन महिन्यांनी तिचं मन बदललं, तर ती स्वतःच सांगते.