मोडीचे नवे खिळे

पुष्कळ जुन्या घरांत माळ्यावर एखादा रुमाल बांधून ठेविलेला असतो. त्यांत वाटणीपत्रें, कर्जरोखे, क्वचित् सासरीं गेलेल्या मुलीच्या क्षेमकुशलाचीं पत्रें असतात. परंतु तीं मोडींत असल्यामुळें घरांतील पदवीधरांसहि वाचतां येत नाहींत. खापरपणजोबांचें अक्षर घरांतच परकें व्हावें, ही गोष्ट खेदाची खरी.

मोडी ही लिहिणाराच्या सोयीची लिपि. आधीं कागदाच्या रुंदीभर रेघ ओढावयाची, मग बोरू फारसा न उचलतां अक्षरें तिला जोडीत जावयाचें. ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नाहीं. शब्दाशब्दांत अंतर नाहीं. कारकुनाचा हात धांवे, वाचणाराचा डोळा मात्र अडखळे. विल्यम कॅरेच्या मराठी कोशांत मोडी खिळे वापरले गेले. तो १८१० सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें निघाला. पुढें मात्र छपाईंत बाळबोधच रूढ झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारांतूनहि गेली.

आतां मोडीचे खिळे संगणकावर घडत आहेत. संगणकावरील मजकुरांत प्रत्येक अक्षरास ठराविक क्रमांक लागतो. जगांतील लिप्यांस असे क्रमांक देणारी व्यवस्था म्हणजे युनिकोड. तींत २०१४ सालीं मोडीस स्वतंत्र स्थान मिळून ७९ चिन्हें नोंदलीं गेलीं. अक्षरांस आकृति देण्याचें काम फॉन्टचें. गूगलच्या ‘नोटो’ मालेंत मोडीचा असा फॉन्ट असून तो विनामूल्य मिळतो.

परंतु फॉन्ट घडविणारानें वळण कोणतें घ्यावें? शिवकालीन, पेशवेकालीन कीं आंग्लकालीन? शिवाय तें वाचणारास सुलभ हवें. बाळबोधींतील ‘ख’ पाहा. त्याचे दोन भाग सुटे असतां ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांत घोटाळा होई. खालचीं टोकें जोडतांच तो मिटला. त्याचप्रमाणें मोडींतहि गांठी मोकळ्या ठेविल्या, सारखीं दिसणारीं अक्षरें वेगळीं राखिलीं, शब्दांत अंतर सोडलें, तर नवशिक्यास व मंददृष्टि वृद्धांस वाचन सोपें होईल.

मात्र अक्षर अतिशय सुबक केलें, तर विद्यार्थ्यास छापील मोडी येईल आणि रुमालांतील कागद तसाच अबोल राहील. म्हणून फॉन्ट ही पहिली पायरी समजावी. त्यावर अक्षरओळख करून घ्यावी. नंतर घरांतील एखादें पत्र जाणत्या माणसाजवळ बसून वाचावें. मूळ कागदाचें स्वच्छ छायाचित्र, मोडी मजकूर आणि त्याचें बाळबोध रूप हीं तिन्हीं एकत्र ठेवावीं. खऱ्या हस्ताक्षराचा सराव अशा जोडपत्रांवरच होतो. एवढें केलें तर पुढील पिढीस तो रुमाल सोडतांना दुसऱ्याचें तोंड पाहावें लागणार नाहीं.