घरासाठी पहिला गिटार अ‍ॅम्प्लिफायर : वॅटचा आकडा आणि कानाचा हिशेब

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेल्या पिकअपमध्ये, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात, तारांच्या कंपनांमुळे अतिशय क्षीण विद्युतसंकेत निर्माण होतो आणि तो ऐकू येण्याजोगा करण्याचे काम अ‍ॅम्प्लिफायर करतो. म्हणूनच अ‍ॅम्प हा वाद्याचाच अर्धा भाग मानला पाहिजे.

खरेदीच्या वेळी सर्वाधिक दिशाभूल वॅटचा आकडा करतो. कानाला आवाज दुप्पट भासण्यासाठी सुमारे दसपट शक्ती लागत असल्याने, स्पीकर सारखाच असेल तर १०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा साधारण दुप्पटच मोठा वाटतो, आणि १५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्पसुद्धा फ्लॅटसाठी फार होतो.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या. त्यांवर ताण वाढला की स्वर हळूहळू फाटू लागतो, आणि तोच खरखरीत गोडवा ब्लूज व रॉकमध्ये हवाहवासा असला तरी तो बहुधा आवाज चढवल्यावरच मिळतो. त्यामुळे नवशिक्याने घरासाठी या नळ्यांचे वर्तन संगणकीय गणिताने उभे करणारा मॉडेलिंग अ‍ॅम्प घेणे अधिक शहाणपणाचे होय. त्याला हेडफोनची सोय असल्यास रात्री अकरा वाजताही निर्धास्त सराव करता येतो.

स्पीकर शक्यतो ८ इंची तरी असावा, कारण अगदी लहान स्पीकरमधून खर्जाची तार पोकळ ऐकू येते.

अमेरिकेतून नातेवाइकांकरवी आणलेला अ‍ॅम्प बहुधा १२० व्होल्टचा असतो आणि भारतातील २३० व्होल्टवर तो थेट जोडल्यास जळू शकतो. तेव्हा मागील पट्टीवरील आकडा आधी वाचावा.